यवनांचे खांब आणि आमचा सभामंडप

गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी आम्ही ओटीवर वर्तमानपत्र चाळीत बसलो असता गावच्या देवस्थान-कमिटीचे तिघे गृहस्थ आमच्याकडे आले. तिघांपैकी दोघे आमचे जुने विद्यार्थी. त्यांतील एकाकडून शब्दरूपावली पाठ करवून घेताना आमचा घसा किती वेळा बसला हे त्यास आठवत नसले तरी आम्हांस चांगले आठवते. देवळाचा जुना लाकडी सभामंडप काढून त्या जागी सिमेंटचा नवा मंडप बांधावयाचे ठरले आहे, त्याच्या कोनशिलेवर घालण्यास एक संस्कृत श्लोक हवा आहे आणि तो गुरुजींनीच करून द्यावा, अशी त्यांची विनंती होती. श्लोकात वर्णावयाचे काय, असे आम्ही विचारले. "नव्या मंडपाची शोभा येऊ द्या, गुरुजी," असे म्हणून सेक्रेटरींनी कंत्राटदाराचे एक गुळगुळीत कागदाचे चित्रपुस्तक आमच्यापुढे ठेवले. त्यातील एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. पांढरेशुभ्र खांब, अंगावर उभ्या पन्हाळी, माथ्यावर पानांचा भरगच्च गुच्छ. खाली दर छापलेला आणि नाव दिलेले, "रोमन पिलर".

हे खांब आम्हांस नवे नव्हते. बोईसर स्टेशनापासून तारापूरच्या रस्त्याने जो कोणी जातो त्यास ते नवे नाहीत. कारखान्यांच्या वस्तीत ज्यांस बरे दिवस आले त्यांच्या बंगल्यांपुढे ते उभे आहेत. पालघरच्या बाजूसही आहेत. एका मंगल कार्यालयाच्या दाराशी असे चार खांब आम्ही नेहमी पाहतो, ज्यांच्या माथ्यावर काहीच नाही; ते बहुधा आकाशास आधार देण्याकरिता ठेवलेले असावेत. असो. श्लोक करावयाचा तर वर्ण्य वस्तूचे ज्ञान पाहिजे, म्हणून आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. शाळेत असताना "ग्रीक खांबांचे प्रकार तीन : डोरिक, आयोनिक, कोरिंथियन" एवढे फळ्यावर लिहून आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असू, मुले ते वहीत उतरून घेत आणि परीक्षेत उतरवून देत. त्यांस ते समजले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही समजले नव्हते. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढचे जे काही, ते असेच कोणी तरी काही विचारले म्हणून झालेले आहे.

ग्रीक म्हणजेच आपल्या ग्रंथांतील यवन. आयोनिया प्रांताच्या नावावरून तो शब्द आपल्याकडे आला. त्यांचे देऊळ हे मूर्तीचे घर असे, भक्तांनी जमावयाची जागा नव्हे. आत एक गाभारा, त्यात देवता. बळी अर्पावयाची वेदी बाहेर, बहुधा पूर्वेस, आणि सारा जनसमुदाय उघड्यावर. त्यामुळे त्यांनी आपली सगळी कारागिरी देवळाच्या बाहेरच्या अंगास केली, आणि आपण प्रदक्षिणा घालतो त्या वाटेवर खांबांची ओळ उभी करून गाभाऱ्यास चहूकडून वेढले. आपल्याकडे खांब आत, मंडपात असतात. त्यांस पाठ टेकून कीर्तन ऐकावयाचे, त्यांच्याआड लहानपणी लपंडाव खेळावयाचा. आमच्या देवळातील खांब माणसाच्या पाठीच्या उंचीइतके काळे आणि तुळतुळीत झाले आहेत, ते कोणत्याही रोगणाने नव्हे. ग्रीकांचा खांब दुरून पाहावयाचा, आपला खांब टेकावयाचा. हा भेद त्या चित्रपुस्तकात नव्हता.

ग्रीक देवळांत शिरोमणी म्हणजे अथेन्सच्या टेकडीवरील पार्थेनॉन. ख्रिस्तपूर्व ४४७ साली त्याचे काम सुरू झाले आणि पंधरा वर्षांत शिल्पांसह पुरे झाले. इक्टिनस व कॅलिक्रेटस हे त्याचे स्थपती, आणि फिडियस हा शिल्पकार. दोन्ही टोकांस आठ आठ व लांबीच्या बाजूंस सतरा सतरा असे खांब. कोपऱ्यातील खांब दोनदा न मोजता एकूण शेहेचाळीस. प्रत्येकाची उंची चौतीस फुटांच्या घरात. हे खांब अखंड दगडाचे नाहीत; संगमरवराचे गोल तुकडे जात्याच्या तळींसारखे एकावर एक रचून ते उभे केले आहेत. खांबाची कड अगदी सरळ ठेवली तर दुरून ती मध्ये खोलगट दिसते, म्हणून त्या कारागिरांनी खांबास मध्ये किंचित फुगीर केले. कोपऱ्यातील खांब आकाशाच्या उजेडात बारीक भासतात, म्हणून ते इतरांहून थोडे जाड केले. १६८७ साली तुर्कांनी तेथे दारूगोळा भरून ठेवलेला असता व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि दोन हजार वर्षे टिकलेली ती वास्तू एका स्फोटात उघडी पडली. तरी खांब पुष्कळसे उभे राहिले.

आता ते तीन प्रकार. डोरिक खांब सर्वांत साधा व दणकट. ग्रीक डोरिकास खाली बैठक नसते, तो थेट जोत्यावरून उठतो. अंगावर बहुधा वीस पन्हाळी, माथ्यावर एक उथळ वाडगे आणि त्यावर चौकोनी पाट. आयोनिक खांब सडपातळ. त्यास बैठक असते, पन्हाळी चोवीस, आणि शीर्षाच्या दोन्ही बाजूंस गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळ्या. कोरिंथियनाचे शीर्ष पानांचे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस याने त्याची कथा सांगितली आहे. कोरिंथ नगरात एक उपवर मुलगी वारली. तिच्या आवडीच्या लहानसहान वस्तू दाईने टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि त्या टिकाव्यात म्हणून वर एक कौल झाकले. टोपलीखाली अकँथस नावाच्या झुडपाचे मूळ होते. वसंतात त्यास पाने फुटली, ती टोपलीच्या कडेने वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांस अडून बाहेर वळली. कॅलिमॅकस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिले आणि दगडात उतरविले. कथा खरी असो वा रचलेली असो, सिमेंटच्या साच्यातून निघणाऱ्या त्या गुच्छामागे एका दाईची टोपली आहे हे वाचल्यावर आम्ही चित्रपुस्तकाचे ते पान पुन्हा एकदा उघडून पाहिले. हे झुडूप आपणांस अगदी परके आहे असेही नाही. आपल्या खाडीकाठच्या चिखलात काटेरी पानांची मारांडी वाढते, ती त्याच जातकुळीची.

हाच व्हिट्रुव्हियस म्हणतो की, डोरिक खांबाचे प्रमाण पुरुषाच्या देहावरून घेतले, उंची जाडीच्या सहापट. आयोनिकाचे स्त्रीच्या देहावरून, आठपट. आणि कोरिंथियनाचे कुमारिकेच्या कृश अंगावरून. आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वास्तुविद्येच्या अध्यायात खांबांची नावे कोनांवरून लावली आहेत : चौकोनी तो रुचक, अष्टकोनी तो वज्र, सोळा कोनांचा द्विवज्र, बत्तीस कोनांचा प्रलीनक आणि गोल तो वृत्त. खांबाचे नऊ भाग कल्पून त्यांतील एकास त्याने "वहन" हे नाव दिले आहे. ह्या एका शब्दावर आम्ही बराच वेळ थांबलो. खांब म्हणजे वाहणारा. अथेन्सच्या त्याच टेकडीवरील एरेक्थियम नावाच्या देवळात खांबांऐवजी सहा तरुणींच्या मूर्ती डोक्यावर छत घेऊन उभ्या केल्या आहेत, त्यांतही हीच कल्पना आहे.

तेव्हा कंत्राटदारास आम्ही साधा प्रश्न केला : तुमच्या ह्या खांबावर भार किती? तो मोकळ्या मनाचा तरुण होता. म्हणाला, "गुरुजी, भार आतल्या सळईच्या कॉलमवर. हे वरचं कव्हर आहे, दोन अर्ध्या भागांत येतं, बाहेरून चिकटवायचं." म्हणजे खांबास खांबाचा अंगरखा.

ह्यावर कोणी म्हणेल की गुरुजींस परकीय वस्तू खपत नाही. तसे मुळीच नाही. ज्योतिषाचे ज्ञान आहे म्हणून यवनांसही ऋषींप्रमाणे मान मिळतो, असे वराहमिहिरच म्हणून गेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांत धेनुकाकट येथील अनेक यवन आहेत. सिहधय आणि धम्म ही त्यांतील दोघांची नावे. त्याच रांगांत एक खांब सोपाऱ्याच्या सातिमिताचा आहे, आणि सोपारे तर आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. यवनाने दिलेला खांब आणि आमच्या शेजाऱ्याने दिलेला खांब एकाच लेण्यात उभे आहेत, आणि दोघांचीही घडण इकडची : खाली घट, मध्ये अष्टकोनी दांडा, वर उपडी घंटा आणि त्यावर हत्तीघोड्यांवर बसलेली जोडपी. पानांच्या शीर्षाचे कोरिंथियन खांबही आमच्या जिल्ह्यास पुष्कळ आधी ठाऊक झाले. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या पडक्या चर्चच्या दर्शनी भागी ते पाहावेत. पोर्तुगीजांनी ते रोमच्या मार्गाने आणले, आणि १७३९ साली तारापूर व वसई मराठ्यांनी घेतल्यावरही ते राहिले. तेव्हा वाद यवनाचा नाही.

आमचे खरे डोळे उघडले ते ऑलिंपियाच्या हेरा देवीच्या देवळाची हकीकत वाचून. ऑलिंपिक सामन्यांची ज्योत ज्या ठिकाणी पेटवितात, ते हे ठिकाण. हे देऊळ ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमाराचे, म्हणजे पार्थेनॉनहूनही दीड शतक जुने, आणि त्याचे खांब मुळात लाकडाचे होते. ग्रीकांचे दगडी देऊळ हे लाकडी देवळाचेच रूपांतर होय. डोरिक देवळाच्या खांबांवरील पट्टीत तीन तीन उभ्या रेघांचे जे ठोकळे दिसतात ती तुळयांची टोके, आणि त्याखालचे दगडी थेंब म्हणजे लाकडी खुंट्या, असे सांगतात. आपल्या कार्ल्यासही छताच्या लाकडी कमानी अजून शाबूत आहेत. तर हेरेच्या देवळातील लाकडी खांब जसजसे निकामी होत गेले तसतसा एकेक काढून त्या जागी दगडी खांब बसविला गेला. सगळे एकदम नव्हे. ज्या काळात जो खांब बदलला त्या काळाच्या रीतीचे त्याचे शीर्ष, म्हणून तेथील खांब एकमेकांशी जुळत नाहीत. ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी तेथे गेला, तेव्हा देवळाच्या मागील बाजूस ओकच्या लाकडाचा एक खांब उभा असलेला त्याने पाहिला. सातशे वर्षांनंतर एक लाकडी खांब! ज्यांस पार्थेनॉन बांधता आले त्या लोकांनी तो काढला नाही, कारण तो अद्याप भार वाहत होता.

हे सारे सेक्रेटरींस सांगितले असता त्यांनी माना डोलावल्या, पण त्यांचे मन चित्रपुस्तकातच होते. म्हणून आम्ही त्यांस मुंबईस नेले. डहाणूची लोकल २०१३ पासून चर्चगेटपर्यंत धावू लागल्यामुळे बोईसरकरांस हे आता अवघड नाही. अवघड असते ते बसावयास जागा मिळणे. हॉर्निमन सर्कलापाशी टाऊन हॉल आहे, जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे आणि जेथे दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे वाचीत बसत. कर्नल टॉमस कूपर याने ह्या इमारतीचा आराखडा केला आणि १८३३ साली ती पुरी झाली. तीस पायऱ्या चढून गेले की आठ डोरिक खांब. सेक्रेटरी त्यांतील एकाजवळ उभे राहिले आणि आपण होऊन त्यांनी त्यावर तळहात ठेवला. "हे कव्हर नाही, गुरुजी," ते म्हणाले. आम्ही काही बोललो नाही. जवळच टांकसाळ आहे, तिच्या दर्शनी भागी आयोनिक खांब. ती मात्र बाहेरूनच पाहावी लागते.

टाऊन हॉलाविषयी एक गोष्ट आम्ही परत येताना गाडीत सांगितली. त्या इमारतीत पूर्वी जेथे मेडिकल बोर्डाची कचेरी होती तेथे चार आयोनिक खांब आहेत, आणि ते अथेन्सजवळ इलिसस नदीच्या काठी असलेल्या एका लहान देवळाच्या खांबांवरून घेतले, असे जुन्या वर्णनांत नमूद आहे. ते मूळ देऊळ आज पाहावयास मिळत नाही. १७७८ साली शहराभोवती तट बांधण्यास दगड हवा म्हणून तुर्की अंमलदाराने ते पाडले. परंतु त्याच्या पाव शतक आधी स्टुअर्ट आणि रेव्हेट हे दोघे इंग्रज अथेन्सास राहून गेले होते. त्यांनी त्या देवळाची इंच न् इंच मापे घेऊन चित्रे काढली आणि १७६२ साली ती पुस्तकात छापली. देऊळ गेले, मापे राहिली, आणि त्यांवरून त्याचे खांब मुंबईत उभे राहिले.

ही गोष्ट सांगताना आमचा आवाज थोडा अडखळला, त्याचे कारण सेक्रेटरींस ठाऊक नव्हते. वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. वडिलांच्या पश्चात, १९९० च्या सुमारास, आम्ही आमचे घर नव्याने बांधले. ओटीस सागवानाचे चार सुरूदार खांब होते : खाली दगडी उथळे, पायथ्याशी कोरलेली पाने, मध्ये सुरूच्या झाडासारखी फुगीर होऊन वर निमुळती जाणारी घडण आणि माथ्याशी केळफुले. पुण्यात विश्रामबागवाड्यात असे खांब लोक मुद्दाम पाहावयास जातात. पार्थेनॉनच्या कारागिरांस जी फुगीरता साधावयाची होती तीच आमच्या गावच्या एका अनामिक सुताराने साधली होती, हे आम्हांस आज कळते. तेव्हा आम्ही ते खांब जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यास विकले. त्यांतील एकावर आईने दर वर्षी संक्रांतीस आमची उंची पाहून विळ्याने पाडलेल्या खाचा होत्या. खांब गेला त्या दिवशी आई आतून बाहेर आली नाही. त्या खांबांचे एकही माप आमच्यापाशी नाही, एकही चित्र नाही. संस्कृत शिकविणारा आणि इतिहास शिकविणारा मनुष्य एकच होता, आणि त्यास हे सुचले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही गावच्या जुन्या सुतारास देवळात घेऊन गेलो. वय आमच्याएवढेच, कानाने मात्र आमच्याहून तरुण. त्याने बाराही खांबांवर हातोडीच्या दांड्याने ठोकून, कान लावून आवाज ऐकला. नऊ निरोगी निघाले. पश्चिमेकडील तीन तळाशी कुजले होते. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी झड त्याच बाजूने आत शिरते. कुजलेला भाग कापून खाली नवे लाकूड जोडावे आणि उथळे हातभर उंच घ्यावे, असे त्याने सांगितले. "पण गुरुजी, आधी छपराचं बघा. पाणी थांबलं नाही तर माझ्या जोडाला काय करायचंय?" हे त्याचे शेवटचे वाक्य. कमिटीच्या खजिनदारांस ह्यातले काहीच पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नाही. गाव वाढले, उत्सवास माणूस मावत नाही, मधल्या खांबांमुळे मागच्यांस देव दिसत नाही. सिमेंटच्या मंडपात मध्ये एकही खांब लागणार नाही. ह्यावर आमच्यापाशी एवढेच उत्तर होते की मोठा मंडप लागलाच तर तो पुढे अंगणात घालावा. पण अंगणातील पारावरून आणखी एक वाद निघाला, तो येथे सांगत नाही.

सभेत एवढे मात्र एकमताने ठरले की काहीही काढण्यापूर्वी मापे घ्यावीत. गेल्या रविवारी सेक्रेटरी, शाळेतील चार मुले आणि आम्ही फीत, ओळंबा व आलेखाच्या वह्या घेऊन बसलो. सकाळचे दुपार झाली. मुलांस वाटले होते की एक खांब मोजला की बाराही झाले. तसे निघाले नाही. उत्तरेच्या ओळीतील चौथा खांब इतरांहून दीड इंच बारीक आहे, त्याचे लाकूड निराळे आहे आणि त्यावरील केळफुलास पाकळ्या एकाने कमी आहेत. दक्षिणेकडील दुसऱ्याचे उथळेही वेगळ्या दगडाचे. म्हणजे हे खांब पूर्वीही कोणी तरी एकेक करून बदलले आहेत. केव्हा आणि कोणी, ह्याची नोंद देवस्थानच्या दप्तरात नाही. मुलांनी दोन्ही खांबांपुढे वहीत तांबड्या पेन्सिलीने खूण केली आहे.

पुढची सभा एकादशीनंतर भरावयाची आहे. श्लोक झालेला नाही. चित्रपुस्तक आमच्या फडताळात आहे. ते परत मागावयास अद्याप कोणी आलेले नाही.